किती पट? आणि कशाच्या?

मराठीत ‘पट’ हा मोठा सोयीचा शब्दांश आहे. दुप्पट, तिप्पट, दसपट, शतपट! आकड्याच्या पाठीला तो चिकटला की ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप मोठे होतात. परंतु या दुप्पट-तिप्पटीला एकटे उभे राहता येत नाही, ‘काय?’ या प्रश्नाचा टेकू तिला लागतोच. ‘गोविंदा रामापेक्षा दुप्पट आहे’ एवढेच वाक्य उत्तरपत्रिकेत आले, तर कोणताही परीक्षक लाल पेन्सिलीने समासात विचारील, ‘दुप्पट काय? उंच, लठ्ठ, हुशार की उधारखोर?’ जाहिरातीच्या वाक्यांना मात्र परीक्षक नसतो. तिथे ‘दुप्पट’ म्हटले की काम भागते. दुप्पट काय, हे गिऱ्हाइकाने आपापल्या आशेप्रमाणे भरून घ्यायचे असते.

पाडव्याच्या मुहूर्तावर मध्यमवर्गीय घरात एखादी मोठी वस्तू यावी, हा आपला जुना रिवाज. कधी काळी रेडिओ आला, मग शिलाईचे यंत्र आले, फ्रिज आला. आता पुष्कळ घरांत मुलांच्या आग्रहाने संगणक येतो, आणि संगणकापाठोपाठ ‘ग्राफिक्स कार्ड’ नावाच्या वस्तूची चर्चा येते. मुलगा म्हणतो, नवी पिढी जुनीच्या दुप्पट आहे. वडील म्हणतात, किंमतही दुप्पट आहे. आई दोघांना चहा देते. या चर्चेत मराठीच्या बाईंनी का पडावे, असे कोणी विचारील. तर त्याचे कारण असे की, भांडण वरवर यंत्राचे असले तरी मुळात ते तुलनेचे आहे, आणि तुलना ही भाषेतली गोष्ट आहे. उपमा अलंकार शिकवताना आम्ही उपमेय, उपमान आणि साधारण धर्म अशी फोड करतो. ‘साधारण धर्म’ म्हणजे दोघांत सारखे काय ते. तो सांगितला नाही तर उपमा लुळी पडते. ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेत नेमका हा साधारण धर्मच बहुधा गाळलेला असतो.

आधी वस्तू काय ते पाहू. संगणकाच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६००. खेळातले चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे, तर प्रत्येक सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा काशीहून शिकून आलेल्या शास्त्रीबुवांसारखा. कोणतेही अवघड काम द्या, तो ते पार पाडील. पण बारा कोटी वेळा तेच ते पाढे म्हणायला त्याला बसवणे हा वेळेचाही अपव्यय आणि विद्वत्तेचाही. त्यापेक्षा नुसते पाढे येणारी हजार पोरे एका ओळीत बसवावीत, हे ग्राफिक्स कार्डाचे तत्त्व. पोरे कवायतीप्रमाणे चालतात. एन्व्हिडिया कंपनीच्या कार्डांत बत्तीस-बत्तिसांची एक तुकडी असते आणि तुकडीला हुकूम एकच. बत्तीसपैकी दहा जणांना डावीकडे व बाकीच्यांना उजवीकडे जायचे असेल, तर आधी दहा जातात व बावीस उभे राहतात; मग बावीस जातात व दहा उभे राहतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडेल.

चित्रांसाठी बसवलेली ही पोरे इतर हिशेबांनाही लावता येतील, हे संशोधकांनी हेरले. २००६ साली एन्व्हिडियाने जी.एफ. ८८०० जी.टी.एक्स. हे कार्ड आणि त्याबरोबर ‘कुडा’ ही कार्यपद्धती जाहीर केली, तेव्हापासून कार्डाकडून सरळ सरळ गणिते करवून घेणे सोपे झाले. त्या पिढीचे नाव टेस्ला. मग २०१० साली फर्मी, २०१२ मध्ये केप्लर, २०१४ मध्ये मॅक्सवेल, २०१६ मध्ये पास्कल, २०१७ मध्ये व्होल्टा, २०१८ मध्ये ट्युरिंग, २०२० मध्ये अँपियर, २०२२ मध्ये हॉपर आणि एडा लव्हलेस, आणि २०२४-२५ मध्ये ब्लॅकवेल. सगळी शास्त्रज्ञांची आणि गणितज्ञांची नावे. वंशावळ ऐकूनच हात जोडावेत अशी. शेवटून दुसऱ्या जोडीत दोन्ही बायका आहेत, हे मी वर्गात मुद्दाम सांगते.

आता या पिढ्यांचे ‘बळ’ मोजतात कसे? रीत अगदी सोपी आहे. कार्डावर कोअर किती, म्हणजे पोरे किती, ते पाहायचे. प्रत्येक ठोक्याला एक कोअर एक गुणाकार आणि एक बेरीज करतो, म्हणून दोनने गुणायचे. सेकंदाला ठोके किती पडतात त्याने पुन्हा गुणायचे. ८८०० जी.टी.एक्स.वर १२८ कोअर होते आणि ठोके सेकंदाला १.३५ अब्ज, म्हणून १२८ गुणिले २ गुणिले १.३५, बरोबर ३४५.६ अब्ज क्रिया. अब्ज क्रियांना गिगाफ्लॉप म्हणतात, हजार गिगाफ्लॉपचा एक टेराफ्लॉप. या आकड्याला मी ‘कागदी बळ’ म्हणते, कारण तो मिळवायला कार्ड चालू करावेच लागत नाही. कागद आणि पेन्सिल पुरते.

या कागदी बळाची गंमत पाहायची असेल तर २०१० अखेरचे जी.टी.एक्स. ५८० आणि २०१२ चे जी.टी.एक्स. ६८० ही फर्मी आणि केप्लर घराण्यांतली दोन कार्डे शेजारी ठेवावीत. नवे जुन्याच्या किती पट? पहिले उत्तर: तिप्पट; कारण कोअर ५१२ चे १५३६ झाले. दुसरे उत्तर: जवळजवळ दुप्पट, कारण नव्या पिढीत ठोके १.५४४ अब्जांवरून १.००६ अब्जांवर आले, आणि कागदी बळ १,५८१ वरून ३,०९० गिगाफ्लॉप झाले. तिसरे उत्तर: तेवढेच, कारण मेमरीतून सेकंदाला माल आणण्याची क्षमता दोन्हींची सुमारे १९२ गिगाबाइट, त्यात काडीचा फरक नाही. चौथे उत्तर: कमी! कारण शास्त्रीय गणितांत दुप्पट अंकांपर्यंत अचूक हिशेब लागतो, त्याला ‘डबल प्रिसिजन’ म्हणतात. तिथे ५८० चा वेग साध्या हिशेबाच्या एक-अष्टमांश होता, तर ६८० चा एक-चोविसांश. म्हणजे १९८ गिगाफ्लॉपवरून १२९ वर घसरण. तिप्पट, दुप्पट, तेवढेच आणि कमी, ही चारही उत्तरे खरी आहेत. तेव्हाच्या काही गणनचाचण्यांत नवे कार्ड जुन्याच्या मागे पडलेलेही दिसले. कोणी खोटे बोलत नव्हते. प्रश्नच अर्धा होता. आणि विजेचा प्रश्न विचारलात तर पाचवे उत्तर निघते: ५८० ला २४४ वॅट लागत, ६८० ला १९५ पुरत. खेळणाऱ्या मुलाला हे अपत्य गुणी वाटले आणि गणित करणाऱ्या संशोधकाला ते वडिलांपुढे फिके वाटले, दोघेही आपापल्या जागी बरोबर.

परीक्षेच्या गुणांचेही असेच नाही का? आमच्या वडिलांच्या वेळी एस.एस.सी.ला साठ टक्के पडले की घरात पेढे येत. आज पंच्याण्णव टक्केवाला मुलगा प्रवेशयादीकडे पाहून उसासे टाकतो. म्हणून आजची पिढी दीडपटीहून अधिक हुशार म्हणावी काय? प्रश्नपत्रिका बदलली, तपासण्याची रीत बदलली, गुण कशाला द्यायचे तेही बदलले. दोन पिढ्यांच्या टक्क्यांचा भागाकार करता येतो. त्याचा अर्थ मात्र लावता येत नाही.

कागदी बळ आणि खरे काम यांत अंतर का पडते? पहिले कारण, रिकामी पाने. पंगतीत पाट शंभर मांडले म्हणून शंभर माणसे जेवली असे होत नाही. ए.एम.डी. कंपनीच्या २००९ सालच्या एच.डी. ५८७० कार्डावर १६०० गणकघटक होते आणि कागदी बळ २.७२ टेराफ्लॉप, त्या काळी हा आकडा डोळे दिपवणारा होता. पण हे घटक पाच-पाचांच्या गटात बांधलेले होते, आणि एका वेळी पाचही जणांना पुरेल असे परस्परांपासून स्वतंत्र काम शोधावे लागे. खेळांच्या बाबतीत कंपनीला आपल्याच पाहणीत आढळले की सरासरीने पाचपैकी ३.४ जागाच भरतात. पुढच्या वर्षी तिने गट चारचा केला, आणि २०११ अखेरीस ती रचनाच सोडून नवी घेतली.

याच कंपनीचे पुढचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २०१७ च्या व्हेगा ६४ वर ४०९६ घटक आणि सुमारे १२.७ टेराफ्लॉप. २०१९ च्या आर.एक्स. ५७०० एक्स.टी. वर घटक फक्त २५६० आणि टेराफ्लॉप सुमारे ९.८. कागदावर धाकटा दुबळा. प्रत्यक्ष खेळांत मात्र धाकट्याने थोरल्याला सर्वसाधारणपणे मागे टाकले, आणि तेही कमी वीज खाऊन. मुख्य कारण कवायतीच्या रचनेत होते. जुन्या पद्धतीत चौसष्ट जणांची तुकडी सोळा जागांवरून चार खेपांत पार पडे. नव्या पद्धतीत बत्तीस जणांची तुकडी, बत्तीस जागा आणि एकच खेप. त्यामुळे पोरे रिकामी उभी राहण्याचे प्रमाण घटले. थोड्या माणसांचे पण नीट वाढलेले जेवण मोठ्या गोंधळी पंगतीपेक्षा लवकर उरकते, हे घरच्या कार्यात राबलेल्या कोणत्याही गृहिणीला सांगायला नको.

दुसरे कारण, मोजण्याची रीतच बदलते. ट्युरिंग पिढीत कारकुनांची दोन टेबले होती: एक अपूर्णांकांच्या हिशेबाचे, दुसरे पूर्णांकांचे. २०२० च्या अँपियर पिढीत पूर्णांकवाल्या कारकुनालाही अपूर्णांक करायला शिकवले, आणि कंपनीने दोघांनाही ‘कोअर’ म्हणून मोजले. कोअरचा आकडा एका रात्रीत फुगला. आता २०१८ चे आर.टी.एक्स. २०८० टीआय पाहा: ४३५२ कोअर, सुमारे १३.४ टेराफ्लॉप. आणि २०२० चे आर.टी.एक्स. ३०७०: ५८८८ कोअर, सुमारे २०.३ टेराफ्लॉप. कागदावर नवे दीडपट. खेळांत दोघे जवळजवळ बरोबरीचे. कारण खेळांत दर शंभर अपूर्णांकी क्रियांमागे सुमारे छत्तीस पूर्णांकी क्रिया येतात, असे कंपनीनेच ट्युरिंगच्या वेळी सांगितले होते. त्या आल्या की दुसरा कारकून आपल्या जुन्या कामाला उठून जातो. मात्र ३०७० ची जाहीर किंमत ४९९ डॉलर होती आणि २०८० टीआयची ९९९ पासून पुढे, हेही सांगायला हवे. गिऱ्हाइकाचा फायदा झाला. तो दीडपट बळाने नव्हे, अर्ध्या किमतीने झाला.

तिसरे कारण सर्वांत मोठे, आणि ते स्वयंपाकघरात चटकन कळते. दहा आचारी ठेवले पण मंडईतून भाजी आणणारा गडी एकच, तर आचारी चुलीपाशी बसून गप्पा मारणार. कार्डाचे कोअर हे आचारी, आणि मेमरीतून आकडे आणण्याचा वेग, ज्याला बँडविड्थ म्हणतात, तो हा गडी. २००६ च्या ८८०० जी.टी.एक्स.चा गडी सेकंदाला ८६.४ गिगाबाइट माल आणी. म्हणजे आणलेल्या प्रत्येक बाइटमागे त्याचे आचारी चार क्रिया करू शकत. २०२२ च्या आर.टी.एक्स. ४०९० चे कागदी बळ सुमारे ८२.६ टेराफ्लॉप, आणि गडी सेकंदाला १००८ गिगाबाइट आणतो. तिथे प्रत्येक बाइटमागे सुमारे ब्याऐंशी क्रिया केल्या तरच आचारी कामात राहतील. सोळा वर्षांत आचाऱ्यांचे बळ सुमारे २४० पट वाढले आणि गड्याचे जेमतेम बारापट. ज्या कामात एकदा आणलेल्या आकड्यावर पुष्कळ हिशेब करायचा असतो, तिथे नवी पिढी २४० पटींकडे झेपावते. ज्या कामात आकडा आणायचा, एकदा वापरायचा आणि ठेवून द्यायचा, तिथे ती बारापटींपाशीच अडते. २००९ साली विल्यम्स, वॉटरमन आणि पॅटरसन या तिघांनी ही गोष्ट एका साध्या आलेखात मांडली. उतरत्या छपरासारखा दिसतो म्हणून त्याला ‘रूफलाइन’ म्हणतात. आपले काम छपराच्या कोणत्या भागाखाली येते ते कळले, की कोणते कार्ड घ्यावे याचे अर्धे उत्तर मिळते. अडचण ओळखून कंपन्यांनीही उपाय केले आहेत. कार्डावर हाताशी ठेवायच्या मालाची फडताळे, म्हणजे कॅश, मोठी केली. २०२० च्या ३०९० वर हे फडताळ ६ मेगाबाइटचे होते, ४०९० वर ते ७२ मेगाबाइटचे झाले. मंडईच्या खेपा तेवढ्या वाचल्या.

चौथे कारण थोडे नाजूक आहे. २०२४ च्या मार्चमध्ये ब्लॅकवेल पिढी जाहीर करताना एन्व्हिडियाने आठ वर्षांत हजारपट प्रगती झाल्याचा आलेख दाखवला: २०१६ च्या पास्कलचे १९ टेराफ्लॉप, आणि ब्लॅकवेलचे २०,०००. भागाकार बरोबर आहे. पण पास्कलचा हिशेब सोळा बिटांच्या आकड्यांचा होता आणि ब्लॅकवेलचा चार बिटांच्या. सोळा बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या खुणा मावतात. चार बिटांत अवघ्या सोळा. म्हणजे एकाने पै-पैचा हिशेब ठेवायचा आणि दुसऱ्याने रुपया-आण्यात भागवायचे. दुसऱ्याची वही लवकर संपणारच. आणखी एक खुबी अशी की, चारपैकी दोन आकडे शून्य असतील तर ते वगळून पुढे जाण्याची सोय २०२० पासून आली. वगळलेल्या क्रियाही केल्याच, असे धरून वेग दुप्पट लिहितात. शिवाय ब्लॅकवेलमध्ये दोन मोठ्या चकत्या जोडून एक प्रोसेसर केलेला आहे.

आता आपण मराठी शाळेतल्या त्रैराशिकाने हिशेब सोडवू. हजारपटीतून बिटांचे चार काढा, राहिले अडीचशे. शून्यांचे दोन काढा, राहिले सव्वाशे. जोड चकतीचे दोन काढा, राहिले साठ-बासष्ट. पास्कलचा तो प्रोसेसर ३०० वॅटचा आणि ब्लॅकवेलचा हजार वॅटच्या घरातला, हेही विसरू नये. या साऱ्याने प्रगती खोटी ठरत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाला आण्यांचा हिशेब पुष्कळदा पुरतो, हा शोधच मुळी मोठा आहे, आणि आठ वर्षांत साठपट हीदेखील थक्क करणारी गोष्ट आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला पैचा हिशेब हवा आहे त्याने हजाराच्या आकड्यावर उडी मारू नये. तसेच २०२५ च्या जानेवारीत आर.टी.एक्स. ५०७० हे स्वस्त कार्ड ४०९० च्या तोडीचे म्हणून सांगितले गेले. त्यात कार्डाने एक चित्र हिशेबाने काढून पुढची तीन अंदाजाने भरण्याची नवी युक्ती धरलेली होती. पडद्यावर खेळ गुळगुळीत दिसावा एवढीच इच्छा असेल तर युक्ती छान आहे. गणिते करायची असतील तर तिचा कवडीचा उपयोग नाही.

हे सारे मला इतक्या तपशिलाने ठाऊक होण्याचे कारण माझी भाची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुन्या छापील मराठी पुस्तकांतली अक्षरे ओळखणारा प्रोग्रॅम तिने प्रकल्पासाठी घेतला आहे. प्रोग्रॅमला शिकवण्याची एक फेरी तिच्या घरच्या जुन्या कार्डावर दहा मिनिटे घेई, आणि फेऱ्या शेकड्यांनी करायच्या. नवे कार्ड चौपट वेगाचे आहे असे तिने कुठेतरी वाचले होते. भाऊजी तिच्यासाठी मुदत ठेव मोडायला निघाले होते. ठेव तिच्याच लग्नासाठी म्हणून ठेवलेली; तिने “लग्नाचं पुढे बघू, बाबा,” असे म्हटल्यावर ताईच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. आनंदाने की काळजीने, ते मी विचारले नाही.

मी तिला एवढेच म्हटले, “अगं, चौपट काय ते आधी बघ.”

“मावशी, तू व्याकरण नको काढूस हं आता,” ती म्हणाली. पण मुलगी हुशार. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या नव्या पिढीचे कार्ड होते. प्राध्यापकांची परवानगी काढून तिने आपला स्वतःचा प्रोग्रॅम, आपलीच पाने घेऊन, तिथे तीनदा चालवला आणि घड्याळ लावले. दहा मिनिटांची फेरी आठ मिनिटांवर आली. चौपट नाही, दुप्पटही नाही, सव्वापट. तिने खोदून पाहिले तेव्हा कळले की दहापैकी सहा मिनिटे पानांची चित्रे डिस्कवरून वाचण्यात आणि साफसूफ करण्यात जात होती. ते काम शास्त्रीबुवांकडे, म्हणजे मुख्य प्रोसेसरकडे होते. कार्डाच्या वाट्याला चारच मिनिटे. नव्या कार्डाने त्यांची दोन केली, सहा तशीच राहिली. जीन अमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच हे सांगून ठेवले आहे: कामाचा जो भाग वेगवान करता येत नाही, तोच शेवटी एकूण वेग ठरवतो. कार्ड अनंतपट वेगाचे असते तरी तिची फेरी सहा मिनिटांच्या खाली आली नसती.

मग तिने सगळी पाने एकदाच साफ करून ठेवली, दर फेरीला तेच ते काम करायचे बंद केले. सहा मिनिटांचे एक झाले. जुन्याच कार्डावर फेरी पाच मिनिटांत, म्हणजे दुप्पट वेगाने, होऊ लागली. मुदत ठेव शाबूत आहे. पुढे काम वाढले तर नवे कार्ड घ्यावे लागेलही, आणि आता त्या नव्या कार्डाचे चीज होईल, कारण अडथळा आता कार्डाचाच उरला आहे. ताईने परवा फोनवर विचारले, “म्हणजे पोरीने चार वर्षं शिकून शेवटी घरकाम आधी उरकायला शिकलं, एवढंच ना?” मी म्हटले, “तेवढं शिकली तर चार वर्षं वाया नाही गेली.”

आणखी एक गोष्ट जाता जाता. बळ कितीही असो, सामान खोलीत मावले पाहिजे. आठ अब्ज आकड्यांचे भाषाप्रतिरूप सोळा बिटांत ठेवायचे तर प्रत्येक आकड्याला दोन बाइट, म्हणजे १६ गिगाबाइट जागा लागते. २०२० च्या ३०९० कार्डावर २४ गिगाबाइट मेमरी आहे. त्यानंतर दोन पिढ्यांनी आलेल्या ५०७० वर १२. जुन्या घरात ते मावते, नव्यात मावत नाही. आकडे आखडून, चार बिटांचे करून बसवता येतील, पण ती तडजोड झाली. पिढी पुढची म्हणून घर मोठे असेलच असे नाही, हे मुंबईपुण्याच्या वाचकांना मी काय सांगावे?

जगातल्या महासंगणकांची ‘टॉप ५००’ ही यादी १९९३ पासून वर्षातून दोनदा निघते. तिच्यात कागदी बळ आणि प्रत्यक्ष चाचणीतले बळ असे दोन रकाने असतात, आणि क्रमांक लागतो तो दुसऱ्यावर. आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-ए.आय.’ हा अँपियर पिढीचे प्रोसेसर वापरणारा महासंगणक २०२० च्या नोव्हेंबरात या यादीत ६३ वा आला. त्याचे कागदी बळ सुमारे ५,२७० टेराफ्लॉप, चाचणीत उतरले ४,६२०. रुपयाचे चौदा आणे हाती आले म्हणायचे, उत्तम निकाल. तरीही एका परीक्षेवर कोणाची हुशारी ठरत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचा ‘फ्रंटियर’ या यादीत जपानच्या ‘फुगाकू’च्या सुमारे अडीचपट वेगाने पहिला होता. त्याच वेळी मालाच्या ने-आणीवर भर देणाऱ्या ‘एच.पी.सी.जी.’ नावाच्या दुसऱ्या परीक्षेत फुगाकू १६ आणि फ्रंटियर सुमारे १४ गुणांवर होता, म्हणजे तिथे फुगाकूच पहिला. दोन्ही निकालपत्रे एकाच महिन्याची.

तेव्हा या दिवाळीत दुकानाची पायरी चढण्यापूर्वी चार प्रश्न कागदावर लिहून खिशात ठेवावेत. माझे काम नेमके कोणते, आणि त्याची वेळ घड्याळाने मोजली आहे काय? दोन कार्डांची तुलना एकाच अचूकतेने, एकाच मांडणीने आणि अंदाजाची चित्रे वगळून केली आहे काय? माझ्या कामाचे सामान कार्डाच्या मेमरीत मावते काय? आणि दरमहा विजेचे बिल कोण भरणार? दुकानदार शहाणा असेल तर रागावणार नाही. उलट चहा मागवील. कारण अशी चौकशी करणारे गिऱ्हाईक वस्तू परत करायला सहसा येत नाही.

फराळाला जमलेली वडीलधारी मंडळी ‘आमची पिढी तुमच्या दुप्पट कामाची होती’ म्हणू लागली, तर तिथे मात्र हे प्रश्न विचारू नयेत. तिथे चकली पुढे करावी.